ट्रेलरमधला सोफा काढून पलंग करावा का?

प्रश्न : आम्ही जयपूरला मालवीय नगरात राहतो. गाडीमागे जोडायचा एक लहान कॅम्पर ट्रेलर आम्ही जुना विकत घेतला आहे. त्यात दिवसा सोफा आणि रात्री पलंग अशी बैठक आहे. एक रात्र त्यावर काढली की दोघांच्याही पाठी धरतात. ती बैठक काढून तिथे कायमचा पलंग घरीच करावा असं मनात आहे. आमचे सुतार म्हणतात, अठरा मिलिमीटरच्या प्लायची दणकट पेटी करू, खाली सामानालाही जागा होईल. शेजारी म्हणतात, आरटीओचं झंझट मागे लागेल. सासूबाई म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, नवारीची खाट टाका. कोणाचं ऐकावं? आणखी एक शंका. हिवाळ्यात सकाळी गादी उचलली की खाली ओल दिसते. छत गळतं आहे का?

उत्तर : तुमच्या तिन्ही सल्लागारांचं थोडं थोडं बरोबर आहे. सगळ्यात जास्त बरोबर सासूबाईंचं आहे. ते का, हे पुढे येईलच. आधी एक गोष्ट पक्की करू. घरातला पलंग एकदा ठेवला की जागचा हलत नाही. तुमचा पलंग मात्र आग्रा रोडवरून ताशी साठ किलोमीटरने धावणार, खड्ड्यात आपटणार, उन्हात तापणार आणि थंडीत गारठणार. म्हणजे तुम्ही फर्निचर करत नसून वाहनाचा एक भाग करत आहात. झोपायला सपाट जागा करणं हे त्यातलं सोपं काम. वजन, हवा आणि बांधणी सांभाळणं हे खरं काम.

पाठ का दुखते, ते आधी पाहू. सोफ्याची पाठ आडवी केली की पलंग होतो, पण त्या पलंगाला मधोमध सांधा राहतो. रेल्वेच्या साइड लोअर बर्थवर ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. दोन बैठकी जोडून केलेला तो बिछाना नेमका कमरेखाली दुभंगतो आणि माणूस रात्रभर कुशी बदलत राहतो. ट्रेलरच्या सोफ्यात याला आणखी एका दोषाची जोड असते. बसायच्या भागातला फोम घट्ट असतो, टेकायच्या भागातला मऊ. बसताना हे योग्यच आहे. आडवं पडल्यावर मात्र शरीराचा एक भाग वर राहतो आणि दुसरा खाली जातो. बिजागऱ्या जुन्या झाल्या असतील तर दोन्ही भागांची पातळीही जुळत नाही.

मग कारखानदार असा सोफा बसवतात तरी का? कारण लहान ट्रेलरमध्ये जमीन मोजकीच असते आणि तीच दिवसा बसायला, रात्री झोपायला वापरावी लागते. विकताना ‘चार जण झोपू शकतात’ असं सांगता येणं हेही कारण आहेच. ते चौघे सकाळी कसे उठतात, हे कोणी सांगत नाही.

मोडतोड करण्याआधी एक साधी परीक्षा करा. सोफा पलंगासारखा पसरा, त्यावर पातळ प्लायचा एक सलग तुकडा टाका, वर घरातली नेहमीची गादी घाला आणि ट्रेलर दारात उभा असतानाच एक रात्र झोपून पाहा. पाठ दुखली नाही, तर दोष सांध्याचा आणि फोमचा होता आणि नवा पलंग तुमचा प्रश्न सोडवेल. तरीही दुखली, तर गादी बदला. सुताराला बोलावण्याची घाई नको.

सोफा काढायचं ठरलंच, तर आधी त्याच्या पोटात डोकावा. सोफ्याखालची पोकळी रिकामी क्वचितच असते. बॅटरी, पाण्याची टाकी, वायरिंग, चाकावरचा उंचवटा यांपैकी काहीतरी तिथे असतंच. दुसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. बऱ्याच ट्रेलरांच्या भिंती पातळ असतात आणि आतल्या पेट्या, कपाटं, बैठकी त्यांना आतून आधार देत असतात. सोफ्याची चौकट भिंतीला आणि जमिनीला जोडलेली असेल, तर ती काढल्यावर भिंत करकरू लागते. म्हणून जुनी चौकट जिथे जिथे जोडलेली होती, त्या जागा खडूने खुणा करून ठेवा. नवा पलंग शक्यतो त्याच जागी पकडायचा आहे.

आता सुतारांच्या अठरा मिलिमीटर प्लायकडे येऊ. आठ बाय चारच्या अशा एका तावाचं वजन साधारण तीस ते पस्तीस किलो भरतं. तुमचा पलंग सव्वासहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद धरला, तर वरचा पृष्ठभागच तीस किलोच्या आसपास जाईल. पेटीच्या बाजू आणि मधले पडदे धरून साठ किलो सहज होतील. घरात याने काही बिघडत नाही. ट्रेलरमध्ये मात्र हे साठ किलो प्रत्येक चढावर ओढायचे आहेत आणि प्रत्येक उतारावर रोखायचे आहेत.

जाड लाकूड म्हणजे मजबूत पलंग, हा समज सुतारांचा एकट्यांचा नाही, आपल्या सगळ्यांचाच आहे. तो पूर्ण चुकीचाही नाही. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो, वजन मात्र दुपटीवरच थांबतं. पण हाच हिशेब उलट बाजूनेही चालतो. फळीच्या दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर मधोमध तेवढाच भार टाकल्यावर ती पूर्वीच्या एक अष्टमांशच वाकते. म्हणजे जाडी दुप्पट करून जे मिळतं, तेच मधे एक आडवा पाइप घालूनही मिळतं, आणि त्या पाइपचं वजन दोन-सव्वादोन किलो असतं. दहा-पंधरा किलोचं प्लाय वाढवण्यापेक्षा हा सौदा स्वस्त आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पंचवीस बाय पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा करून घ्या. पाइपच्या भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर पुरते. अशा पाइपचं वजन मीटरला सव्वा किलोच्या आत असतं. लांबीच्या दिशेने तीन पाइप, रुंदीच्या दिशेने तीन आणि सहा पाय धरले, तर एकूण बारा मीटर पाइप लागेल, म्हणजे सुमारे चौदा किलो. वरती पाइनच्या सात सेंटिमीटर रुंद आणि एकोणीस मिलिमीटर जाड पट्ट्या आडव्या टाका. दोन पट्ट्यांमध्ये पाच-साडेपाच सेंटिमीटरची फट ठेवा. पंधरा-सोळा पट्ट्यांत काम होतं आणि त्यांचंही वजन चौदा किलोच्या जवळपास भरतं. म्हणजे सगळा पलंग तीस किलोच्या आत बसला. वेल्डिंगचं काम तुमच्याकडच्या मालवीय नगर औद्योगिक क्षेत्रात कोणीही करून देईल. वेल्डिंग ट्रेलरच्या बाहेर करून सांगाडा नंतर आत न्यायचा, एवढं मात्र पाहा. आतल्या फोमला आणि वायरिंगला ठिणग्या मानवत नाहीत. सांगाडा दारातून आत जाईल का, हेही आधी मोजा; नाहीतर तो दोन भागांत करून आत बोल्टने जोडावा लागेल. शिसम राजस्थानात सहज मिळतं आणि दिसतंही देखणं, पण ते पाइनच्या दीडपट जड असतं. हौस असेल तर दर्शनी पट्टी शिसमची लावा.

प्लायच वापरायचं असेल, तर बारा मिलिमीटरचं पुरेल, फक्त त्याला हवेसाठी भोकं पाडून घ्या. प्रत मात्र बीडब्ल्यूआर मागा. साध्या एमआर प्लायमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तो ओलीला फार टिकत नाही, आणि उष्णता वाढली की त्यातून जास्त वाफ सुटते. जयपूरच्या मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या ट्रेलरचं दार उघडल्यावर जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो, त्यात या वाफेचा मोठा वाटा असतो. बीडब्ल्यूआरचा फिनॉलिक गोंद पाण्यालाही टिकतो आणि वासही कमी सोडतो.

‘खाली सामानाला जागा’ हा सुतारांचा दुसरा मुद्दा. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पलंगाच्या बांधणीतली चूक फार तर पाठीला भोवते, सामानाच्या मांडणीतली चूक रस्त्यावर भोवते.

ट्रेलर दोन ठिकाणी टेकलेला असतो: चाकांवर आणि गाडीच्या हुकावर. हुकावर त्याने थोडा भार टाकलाच पाहिजे. युरोपात एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के आणि अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के भार योग्य मानतात. तुमच्यासाठी गाडीच्या पुस्तिकेतला आणि ट्रेलरवरच्या पाटीवरचा आकडा हाच प्रमाण. हा भार कमी पडला की ट्रेलरचं शेपूट जड होतं. मग बाजूने ट्रक गेला किंवा वाऱ्याचा झोत आला की ते शेपूट डोलायला लागतं आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक गाडीचा मागचा भाग आडवा ढकलतं. वेग जास्त असेल तर हेलकावे आपोआप थांबत नाहीत, वाढतच जातात.

आता आकडे घालून पाहू. समजा, तुमच्या भरलेल्या ट्रेलरचं वजन सातशे किलो आहे, हुक आणि चाकांची धुरी यांत तीन मीटर अंतर आहे, आणि हुकावर एकोणपन्नास किलो, म्हणजे बरोबर सात टक्के भार येतो. पलंग सहसा मागच्या टोकाला असतो. पूर्वी धुरीच्या एक मीटर पुढे ठेवलेलं चाळीस किलोचं सामान तुम्ही पलंगाखालच्या नव्या जागेत, धुरीच्या दीड मीटर मागे हलवलंत. ते अडीच मीटर मागे सरकलं. चाळीस गुणिले अडीच भागिले तीन, म्हणजे हुकावरचा भार तेहतीस किलोंनी घटला. एकोणपन्नासचे सोळा झाले. ट्रेलरचं एकूण वजन तेवढंच, काट्यावरची पावतीही तीच, पण रस्त्यावर ट्रेलर वेगळाच वागणार.

यावर काही जण शक्कल काढतात. मागे हत्यारांची पेटी ठेवली, तर पुढे पाण्याचे कॅन ठेवायचे, काटा बरोबर! हुकावरचा भार यात जुळतो हे खरं. पण दोन्ही टोकं जड झाली की एकदा सुरू झालेला हेलकावा थांबवणं आणखी कठीण होतं. जड वस्तू धुरीच्या वर किंवा किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवणं हाच उपाय. मागच्या पलंगाखाली रजया, उश्या, कपडे ठेवा. जयपुरी रजई या कामाला उत्तम, ऊब भरपूर आणि वजन नाममात्र. पिठाचे डबे, जॅक आणि गॅसची शेगडी तिथे नकोत.

हुकावरचा भार घरीच मोजता येतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना अडण लावा, आणि गाडीच्या हुकावर बसणारं ट्रेलरचं टोक एरवी जितक्या उंचीवर असतं तितक्याच उंचीवर राहील असा एक ठोकळा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून त्यावर ते टोक टेकवा. काट्यावर दिसेल तो आकडा. सामान आत भरून मोजा. रिकाम्या ट्रेलरचा आकडा प्रवासात उपयोगी पडत नाही. एकूण वजन धर्मकाट्यावर करून घ्या.

आता ओल. छत गळत असेल तर ओल पावसानंतर दिसेल, कडेने किंवा वरून ओघळ येईल, आणि तिथे कोणी झोपलेलं असो-नसो, ती येईल. तुमची ओल हिवाळ्यात, झोपून उठल्यावर आणि नेमकी गादीच्या खाली दिसते. याचा अर्थ ही ओल छतातून येत नाही. पाणी तुमचंच आहे.

माणूस झोपेत श्वासातून आणि घामातून बरीच वाफ बाहेर टाकतो. दोघांची मिळून रात्रभरात दोन-तीन पेले पाणी होईल इतकी. खोलीत ती पसरून जाते, ट्रेलरच्या बंद डब्यात तिला जायला वाट नसते. आतली हवा वीस अंश आणि आर्द्रता साठ टक्के असेल, तर बारा अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या वाफेचं पाणी होतं. जानेवारीच्या पहाटे जयपुरात बाहेर सात-आठ अंश असतात. खिडकीची काच, भिंतीचा कोपरा आणि गादीखालची बंद फळी या तिन्ही जागा बारा अंशांच्या खाली जातात. काच आपण पुसतो. गादीखालचं पाणी दिसत नाही, ते तिथेच मुरतं आणि काही आठवड्यांत काळी बुरशी धरतं. हीटर लावला तर हे थांबेल असं अनेकांना वाटतं. खिडकी बंद ठेवून हीटर लावला, तर गरम हवा उलट जास्त वाफ धरून ठेवते आणि थंड कोपऱ्यात नेऊन टाकते. गॅसच्या शेगडीवर ऊब घेणं त्याहून वाईट, कारण गॅस जळतानाही पाण्याची वाफ होते, शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने गुदमरण्याचा धोका असतो. रात्री वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि रजई वाढवा.

पट्ट्यांमध्ये फटी ठेवायच्या त्या यासाठीच. गादीखालून हवा फिरली की उतरलेलं पाणी सुकून जातं. पण फटीखालची पोकळी सामानाने ठासून भरली, तर फटी असून नसल्यासारख्याच. रुईची गादी ओल जास्त धरते, तिला सकाळी उभी करून ऊन दाखवावंच लागतं. प्रवासात तेवढी शिस्त पाळली जात नाही, म्हणून चाळीस डेन्सिटीच्या फोमची पाच इंची गादी मला जास्त सोयीची वाटते. या मापात ती तेरा किलोच्या आसपास भरते. काथ्याची गादी त्याच्या दुप्पट तरी होईल.

पलंगाखाली बंद पेटी नको, याला आणखी एक कारण आहे. ‘गॅस वर जातो’ असं आपण शाळेपासून धरून चालतो. स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो गळला तर जमिनीलगत पसरतो आणि पलंगाखालच्या पेटीसारख्या खोलगट जागेत साचतो. म्हणूनच चांगल्या ट्रेलरांच्या जमिनीला भोकं असतात. धूळ येते म्हणून लोक ती बुजवतात. ती बुजवू नका, जाळी लावा. आता याच्या उलट गोष्ट ऐका. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हवेहून कितीतरी हलका असतो आणि पेटीच्या वरच्या अंगाला, म्हणजे थेट तुमच्या गादीखाली जमतो. एक वायू खाली साचणारा, दुसरा वर. दोन्ही पेट घेणारे. बॅटरी तिथून हलवता येत नसेल, तर तिला वेगळा झाकणाचा डबा करून त्याची नळी ट्रेलरबाहेर काढा. सिलिंडर पलंगाखाली अजिबात नको.

बांधणीविषयी थोडक्यात. पलंगाचे पाय नुसते जमिनीवर ठेवून भागत नाही. गाडीने अचानक ब्रेक दाबला की तीस किलोचा सांगाडा आणि वरची गादी पुढे येऊ पाहतात. ट्रेलरच्या भिंती बहुधा वरून पातळ पत्रा, मधे फोम आणि आतून पातळ प्लाय अशा असतात. त्यात मारलेला स्क्रू हाताला घट्ट लागतो आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यात निघून येतो. सांगाडा जमिनीतून आरपार बोल्ट घालून खालच्या चासीला पकडा. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले घ्या. साधे नट थरथरीने सुटतात. खालून मोठे वायसर, आणि भोकाला पीयू सीलंट, नाहीतर पहिल्या पावसात चिखलाचं पाणी तिथूनच वर येईल. तेव्हा मात्र छताला दोष देता येणार नाही.

सुट्टीत तुम्ही कोकणात उतरणार असाल, तर आणखी एक सूचना. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही रुंदीत. लांबीत फरक नगण्य. जयपूरच्या एप्रिलमध्ये अगदी चपखल बसवलेला पलंगाखालचा खण जुलैत रत्नागिरीला पोचेपर्यंत अडकून बसतो. म्हणून खणांना तीन-चार मिलिमीटरची सैल जागा द्या आणि प्रत्येक पट्टी एका टोकाला स्क्रूने, दुसऱ्या टोकाला लांबट भोकातून पकडा. थरांची दिशा एकआड एक बदललेली असल्यामुळे प्लायला हा त्रास जवळजवळ होत नाही, हे त्याच्या बाजूने कबूल केलं पाहिजे.

आता सासूबाई. नवारीची खाट हलकी, हवेशीर, तिच्याखाली काहीच साचत नाही आणि सैल पडली तर पायथ्याची दोरी ओढून ताठ करता येते. वर सांगितलेली अर्धी पथ्यं खाट जन्मतःच पाळते. एकट्या माणसाच्या ट्रेलरमध्ये मी खाटच सुचवली असती. दोघांसाठी मात्र अडचण आहे. नवार मधे झुकते आणि दोन्ही माणसं घरंगळून मधोमध येतात. लग्नानंतरचं पहिलं वर्ष सोडलं तर हे सोयीचं नसतं. शिवाय ताणलेली नवार चौकटीला चारी बाजूंनी आत ओढत असते. रुंद खाटेची चौकट त्यासाठी इतकी जाड करावी लागते की हलकेपणाचा फायदा उरत नाही.

चाकांवरचं घर आणि खाट यांचा राजस्थानात एक जुना धागा आहे. गाडिया लोहार पिढ्यानपिढ्या बैलगाड्यांतून फिरत, अवजारं घडवत जगले. १५६८ साली अकबराने चितोड घेतलं, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी काही शपथा घेतल्याची परंपरा ते सांगतात: चितोड परत मिळेपर्यंत घर बांधायचं नाही, दिवा लावायचा नाही, खाटेवर झोपायचं नाही. त्यामुळे त्यांच्या गाड्यांवर खाट असे, पण उलटी ठेवलेली. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात नेलं आणि शपथ पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. तरी त्यांच्यातले पुष्कळ जण पुढेही रस्त्याच्या कडेला गाड्यांतच राहिले. पुढच्या वेळी गाडिया लोहारांची एखादी जुनी गाडी दिसली, तर तिची मांडणी बारकाईने पाहा. ऐरणीसारखं जड सामान कुठे आणि अंथरूण कुठे, हे त्यांना धर्मकाट्याशिवाय कळत होतं.

कायमचा पलंग केल्यावर एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे दिवसाची बसायची जागा. पावसात अडकलात तर तिघं-चौघं पलंगावरच मांडी घालून बसणार आणि चहा गादीवर सांडणार. यावर एक छान तोड आहे. पट्ट्यांचे दोन संच करा. एक संच भिंतीकडच्या पक्क्या चौकटीला, दुसरा पुढच्या सरकत्या चौकटीला, आणि एकाच्या पट्ट्या दुसऱ्याच्या फटींतून जातील अशा, म्हणजे फटींहून किंचित अरुंद, बसवा. दिवसा सरकती चौकट आत ढकलली की सव्वादोन फुटांची बैठक, रात्री ओढली की साडेचार फुटांचा पलंग. बिजागरी नाही, मधोमध आडवा सांधा नाही. गादी मात्र दोन लांब पट्ट्यांत करावी लागते आणि सांधा दोघांच्या मधून उभा जातो, तिथे कोणाचीच पाठ येत नाही. सरकत्या चौकटीला प्रवासात कडी हवी. आधारांमधलं अंतर इथे वाढतं, म्हणून पट्ट्या पंचवीस मिलिमीटर जाडीच्या घ्या आणि पुढच्या चौकटीला स्वतःचे पाय द्या. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हाच प्रकार.

आरटीओचं काय? ट्रेलर हेही कायद्याच्या लेखी मोटार वाहनच आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी असते. केंद्र सरकारच्या २००४ च्या वर्गीकरणात खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-वाहतूक गटात मोडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाहनातल्या फेरबदलांविषयी आहे. उत्पादकाने दिलेला तपशील आणि नोंदणीपत्रातला तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये, असं ते सांगतं. आणि वाहनाच्या रचनेतल्या, त्याचं मूळ स्वरूप पालटणाऱ्या बदलाला ते फेरबदल म्हणतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, तेव्हापासून लोकांच्या मनात धास्ती आहे. आतला सोफा काढून तेवढ्याच वजनाचा पलंग बसवण्याने ट्रेलरचं मूळ स्वरूप पालटत नाही. चासी कापणं, धुरी हलवणं, लांबी वाढवणं, छत उंच करणं या गोष्टींनी ते पालटतं. नोंदणीपत्रात रिकाम्या वाहनाचं वजन लिहिलेलं असतं, म्हणून काढलेल्या सोफ्याचं आणि नव्या पलंगाचं वजन कागदावर नोंदवून ठेवा. शंका उरलीच तर झालाना डूंगरीचं आरटीओ कार्यालय तुमच्यापासून काही फार लांब नाही, लेखी विचारून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर त्यांना नवा पलंग स्वतःहून दिसण्यापेक्षा आधी तुमच्याकडून कळलेला बरा.

पलंग कितीही छान झाला तरी ट्रेलर चालू असताना मुलांना त्यावर झोपवून न्यायचं नाही. तिथे पट्टा नाही, आणि आत काय चाललं आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही.

आणि काढलेला सोफा लगेच भंगारात घालू नका. जुना ट्रेलर घेणारे पहिला प्रश्न ‘किती जण झोपतात?’ हाच विचारतात. बिजागऱ्यांना तेल द्या, बोल्ट एका पिशवीत घालून त्याच्याच चौकटीला बांधा आणि गच्चीवरच्या खोलीत उभा करून ठेवा.